चायना मोझेकची गोधडी: आधी दरजा, मग तुकडे

चायना मोझेकची, म्हणजे फुटक्या चिनीमातीच्या तुकड्यांची, फरशी बघून तशी गोधडी करायला बसलं की पहिला हात जातो रंगीत कापडांकडे. निळं, हळदी, पिस्ता, विटकरी अशी चळत लागते. ज्याच्यावर हे सगळं बसणार ते तळाचं कापड मात्र शेवटी ठरतं, घरात जे उरलंसुरलं असेल त्यातून. मोझेकची गोधडी बिघडते ती इथेच. दोन तुकड्यांमधली सिमेंटची रेघ, गवंडी जिला दरज म्हणतात, ती गोधडीत तुकड्यांमधून दिसणाऱ्या तळाच्या कापडाचीच होते. तिचा रंग आणि रुंदी आधी ठरवा. तुकडे मागाहून जमवता येतात.

हिशेब करून बघा. तुकडा सरासरी २.५ सेंमीचा आणि दरज ३ मिमीची धरली, तर एका तुकड्यामागे २.८ गुणिले २.८, म्हणजे ७.८४ चौरस सेंमी जागा लागते. त्यातली तुकड्याची ६.२५. उरलेली २० टक्के जागा दरजेची. दरज २ मिमी केली तर १४ टक्के, ५ मिमी केली तर ३१ टक्के. वर दहा रंगांचे तुकडे असले तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी आठ-आठ टक्के येतात. म्हणजे अख्ख्या गोधडीत सगळ्यात जास्त दिसणारा एकच रंग तळाच्या कापडाचा, आणि तोच आपण उरल्यासुरल्यातून घेतो.

गोव्यातल्या जुन्या घरांच्या बाल्कांवात, ओसरीवर फुटक्या बशा-कपांची चायना मोझेकची फरशी असते ती वाकून बघा. दरजा साध्या सिमेंटच्या करड्या, लाल रंग घातलेल्या किंवा पांढऱ्या सिमेंटच्या. तीच बशी तिन्हींत वेगळी दिसते. करड्यात निळा आणि पिवळा दोन्ही उठतात. लालात नारिंगी आणि मरून बुडून जातात, हिरवा मात्र खुलतो. पांढऱ्यात फिकट पिवळा आणि गुलाबी दिसेनासे होतात. कापडातही हेच होतं. माझं मत विचाराल तर मध्यम-गडद करडा घ्या, पाटीच्या दगडासारखा. काळा घेऊ नका. काळ्या रेघांमुळे तुकडे फरशीसारखे न वाटता चर्चच्या खिडकीतल्या, शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या रंगीत काचांसारखे वाटतात. ते सुंदर दिसतं, पण ती फरशी राहत नाही.

मूळ फरशीचा फोटो काढायचा तर सकाळी, ऊन थेट पडायच्या आधी. फरशी ओल्या फडक्याने पुसून घ्या, म्हणजे रंग वर येतात, पण पाणी साचू देऊ नका, नाहीतर आभाळ त्यात चमकतं. मोबाइल फरशीला अगदी समांतर धरा आणि शेजारी एक फूटपट्टी ठेवा. फूटपट्टीशिवायच्या फोटोवरून तुकड्याचं माप काढता येत नाही. कुणाच्या घरची किंवा देवळातली फरशी असेल तर आधी विचारा.

आता माप. तयार गोधडी ८० × ८० सेंमीची हवी असेल तर मोझेकची चौकट ८४ × ८४ आखा, कारण दाट शिवणीने कापड आक्रसतं. नेमकं किती, हे मधला थर, धागा आणि शिवणाऱ्याचा हात यांवर अवलंबून असतं, म्हणून आधी ३० सेंमीचा नमुना शिवून मोजा. तळाचं कापड ९५ × ९५, मधला थर आणि अस्तर १०० × १००. वर दिलेल्या मापाने ८४ च्या चौकटीत साधारण ९०० तुकडे बसतात. तुकडा दीड सेंमीचा आणि दरज २ मिमीची केली तर हाच आकडा २,४०० च्या पुढे जातो. पहिलीच गोधडी असेल तर अडीच सेंमीच्या खाली जाऊ नका. ९०० तुकड्यांना निव्वळ कापड साडेपाच-पावणेसहा हजार चौरस सेंमी लागतं. कतरण धरून पाऊण ते एक चौरस मीटर पुरतं, सगळे रंग मिळून.

कापडासाठी मॅचिंग सेंटरसारखी जागा नाही. टू बाय टू रुबियाच्या तिथल्या छटा पेंटच्या दुकानातही मिळणार नाहीत. पण रुबिया पातळ. करड्या तळावर पांढरी रुबिया लावली की ती मळकी दिसते, लिंबू रंग शेवाळी होतो. फिकट रंगांसाठी पॉपलिन घ्या, नाहीतर रुबियाच्या मागे पांढरं पातळ फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) आधी चिकटवून घ्या. पॉलिस्टर मिसळलेलं कापड टाळा. कडक इस्त्रीखाली ते आक्रसतं आणि तुकड्याच्या कडा वळतात.

एक बारीक गोष्ट बघण्यासारखी आहे. चायना मोझेकमध्ये बशीच्या काठाचा तुकडा लगेच ओळखू येतो. त्याची एक बाजू किंचित गोलाई घेतलेली असते आणि तिच्या आत २-३ मिमीवर निळी किंवा सोनेरी रेघ असते, जी पुढच्या तुकड्यावर एकदम तुटते. अशा दहा-पंधरा तुकड्यांनी फरशी खरी वाटते. कापडात यासाठी जुन्या सुती साडीचा काठ वापरा. बारीक रेघेचा काठ असा कापायचा की रेघ तुकड्याच्या एका कडेला समांतर जाईल, आणि ती कड थोडी गोल. कुणबी साडीच्या चौकडीचे तुकडेही चांगले बसतात. जरीचा किंवा नायलॉनचा काठ नको, तो इस्त्रीला टिकत नाही.

चिकटवायला लागतो तो दोन्ही बाजूंनी चिकटणारा, एका बाजूला कागद असलेला गोंदाच्या जाळीचा वेब. शिंप्यांच्या सामानाच्या दुकानात नुसतं ‘फ्यूजिंग’ मागितलं तर कॉलरीत घालायचं, एका बाजूनेच चिकटणारं अस्तर हातात येतं. ते या कामाचं नाही. कागद सोलून बघून घ्या: मागे गोंदाची नुसती जाळी उरली तर बरोबर, कापड उरलं तर चुकीचं.

कापड आधी धुवून घ्या, कांजी काढून टाका. गडद लाल आणि निळ्याचा रंग जातो का ते ओल्या पांढऱ्या फडक्यावर इस्त्री दाबून तपासा. रंग जात असेल तर मीठ-व्हिनेगरच्या भरवशावर राहू नका, आणखी दोन-तीनदा धुवा, तरी जात असेल तर ते कापड सोडून द्या. आपल्याकडे धुण्याची आणखी एक अडचण आहे. जांभ्याच्या जमिनीतल्या कित्येक विहिरींच्या पाण्यात लोह असतं. पांढरं कापड त्यात रात्रभर भिजवलं की पिवळट डाग पडतात आणि ते साबणाने निघत नाहीत. पांढऱ्यासाठी नळाचं पाणी वापरा आणि भिजत ठेवू नका.

वेब लावताना इस्त्री कोरडी, वाफ बंद. पावसाळ्यात कापड वरून कोरडं वाटलं तरी आत ओल असते, म्हणून वेब ठेवण्याआधी नुसत्या कापडावरून दोनदा इस्त्री फिरवा. हे न केल्यास आत अडकलेल्या ओलीची वाफ होते, बुडबुडे येतात आणि शिवताना तेवढा भाग सुटतो. इस्त्री सरकवू नका. उचलून ठेवा, ८-१० सेकंद दाबा, उचला. त्याहून जास्त तापवलं तर गोंद कापडातून वर येतो, तुकडा पत्र्यासारखा होतो आणि मग कशालाच चिकटत नाही. कागद पूर्ण थंड झाल्यावरच सोला. दमट हवेत कागदाबरोबर गोंदही सुटून येऊ लागला तर थांबा, कागदावर मधोमध टाचणीने ओरखडा काढा आणि तिथून बाहेरच्या दिशेने सोला. उरलेला वेब हवाबंद डब्यात ठेवा. पावसाळाभर उघडा राहिला तर तो कागदावरून आपोआप सुटायला लागतो.

इस्त्रीच्या मध्ये ठेवायला बटर पेपर सगळेच सांगतात. दुकानात त्या नावाखाली मेणकागदही मिळतो, आणि मेण कापडावर उतरतं. बेकिंगचा, सिलिकॉन लेपाचा कागद मागा.

कापण्याची एक युक्ती आहे, आणि ती मोझेकवाल्यांचीच आहे. बार्सेलोनाच्या पार्क ग्वेलमध्ये १९०० ते १९१४ च्या दरम्यान जे ट्रेंकाडिसचं, म्हणजे फुटक्या टाइल्सच्या मोझेकचं, काम झालं, त्यात टाइल्स फोडून लावल्या कारण सपाट टाइल वळणाच्या पृष्ठभागावर बसत नाही. असं काम जवळून पाहिलं तर पुष्कळ ठिकाणी एकाच टाइलचे तुकडे शेजारी शेजारी दिसतात. हेच कापडात करा. ८-१० सेंमीचा एक मोठा तुकडा कात्रीने दहा-पंधरा तुकड्यांत फोडा, कागद मागे तसाच ठेवून. मग कागद सोला आणि तेच तुकडे त्याच क्रमाने, फक्त ३ मिमीने लांब सरकवून मांडा. शेजारच्या कडा एकाच कापाच्या दोन बाजू असल्यामुळे दरज आपोआप समांतर येते. प्रत्येक तुकडा सुटा कापून नंतर जुळवायला गेलात तर दरज कुठे १ मिमी, कुठे ६ मिमी होते, आणि डोळा तुकडे सोडून तेवढंच बघतो. एकसारखं दिसू नये म्हणून प्रत्येक गटातला एखादा तुकडा दुसऱ्या रंगाचा घाला, मापाने तोच.

आकार शक्यतो तीन किंवा चार कोनांचे, क्वचित पाच. आत वळलेला कोपरा ठेवू नका. चिनीमाती तशी सहसा फुटत नाही, आणि शिवतानाही त्या खाचेत सुई वळत नाही. अंतर मापायला पुठ्ठ्याच्या खोक्याची ३ मिमी जाडीची पट्टी उभी धरून दोन तुकड्यांत घाला.

मांडणीचा क्रम असा: आधी नक्षीची कड, म्हणजे फूल असेल तर पाकळीच्या आतल्या बाजूची एक ओळ. मग पाकळीचं पोट. मग पाकळीच्या बाहेर, पार्श्वभूमीच्या रंगात, पाकळीला चिकटून जाणारी एक ओळ. रोमन मोझेकपासून ही ओळ चालत आली आहे. ती नसली की पार्श्वभूमीचे तुकडे पाकळीवर वेडेवाकडे आदळतात आणि आकार विरघळतो. उरलेली पार्श्वभूमी मग कशीही भरा, मात्र ओळींना एक ओघ हवा, सरळ किंवा गोल. शेवटी ज्या विचित्र फटी उरतात त्यांत गवंडी चिपा ठोकतो तसे छोटे त्रिकोण घाला. सगळी पार्श्वभूमी एकाच पांढऱ्याची करू नका. दुधी, मोतिया, राखाडीकडे झुकणारा असे तीन-चार पांढरे मिसळा. एकच पांढरा वापरला तर तो सिमेंटच्या गिलाव्यासारखा दिसतो.

मांडताना पंखा बंद. गोव्याच्या उकाड्यात हे सांगणं क्रूर आहे, पण दुसरा इलाज नाही. २० × २० सेंमीचा भाग चिमट्याने मांडा, मोबाइलवर काळापांढरा फोटो काढा, दोन मीटरवरून बघतो तसं तो लहान करून बघा आणि मगच इस्त्री टेकवा. काळ्यापांढऱ्यात नक्षी दिसत नसेल तर रंगीत गोधडीतही लांबून दिसणार नाही. मोरपंखी आणि विटकरी एकमेकांविरुद्ध कितीही भडक वाटले तरी उजेड-अंधारात बरेचदा सारखे निघतात.

शिवण. तळ, मधला थर आणि अस्तर एकत्र करून दर १० सेंमीवर सेफ्टी पिना लावा, त्या दरजेतच. तुकड्यातून पिन गेली की गोंद लावलेल्या कापडातलं भोक बुजत नाही. मधल्या थराला सुती किंवा सुती-पॉलिस्टर वॅडिंग घ्या. पिंजलेला कापूस गोधडीला छान, पण इथे तो सुईबरोबर गोळा होतो. मशीनचे दाते खाली करा, डार्निंगचा फूट लावा, १४ नंबरची सुई. जुन्या पायमशीनचे दाते उतरत नसतील तर टाक्याची लांबी शून्यावर ठेवा किंवा दात्यांवर पातळ पट्टी बसवा.

टाका दरजेच्या मधोमध घालायचा, तुकड्याच्या कडेवर नाही. याची दोन कारणं. पहिलं, दरज खाली दबते, तुकडा फुगून वर येतो, आणि फरशीचा भास यातूनच होतो. दुसरं, श्रम. दरजांची एकूण लांबी या मापात ५० मीटरच्या आसपास भरते. प्रत्येक तुकड्याच्या आतून गोल शिवायचं म्हटलं तर ९०० तुकडे गुणिले १० सेंमी, ९० मीटर, आणि ९०० ठिकाणी धागा तोडणं वेगळं. दरजेतून मात्र तुम्ही धागा न तोडता वाट काढत फिरू शकता. एखाद्या दरजेतून दोनदा गेलं तरी बिघडत नाही. मध्यापासून बाहेर चला. धागा तळाच्या कापडाहून एक छटा गडद, बॉबिनमध्येही तोच, म्हणजे टेन्शन चुकलं तरी ठिपके दिसत नाहीत.

तुकड्यांच्या कडा मग मोकळ्या राहतात. भिंतीवरच्या गोधडीला हे चालतं. भीती वाटत असेल तर शिवण्याआधी वरून काळी बारीक नेट अंथरा. काळी जवळजवळ दिसत नाही, पांढरी मात्र सगळ्यावर साय धरल्यासारखी दिसते. नेट टाकल्यावर इस्त्री संपली, ती वितळते.

टाके सुटायला लागले तर टेन्शनशी खेळत बसू नका, सुई बघा. तिच्यावर गोंद चढलेला असतो. स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, दर बॉबिनला एकदा. कडा लाटांसारख्या वळल्या तर समजा मधे दाट आणि काठाला विरळ शिवलंय. काठाला चौकट असेल तर तिथेही तेवढीच दाट शिवण हवी.

रोज अंगावर घ्यायची, धुवायची गोधडी हवी असेल तर हा मार्गच सोडा. उत्तर कन्नडात यल्लापूर-हळियाळकडे आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात. त्यांतल्या कित्येकींचे पूर्वज पोर्तुगीज काळात गोव्यातून तिकडे गेलेले. कवंदीत काठापासून सुरुवात करून कडा दुमडलेले तुकडे धावदोऱ्याने आतआत नेतात. तिथे तुकडे एकमेकांवर चढतात, दरज नसतेच, म्हणून ती टिकते. तिला मोझेक म्हणता येणार नाही, पण रंग मांडण्याबद्दल तिच्याकडून शिकावं असं पुष्कळ आहे.

अझुलेजोवरून, म्हणजे पोर्तुगीज धाटणीच्या रंगवलेल्या टाइल्सवरून, करायचं असेल तर तंत्र उलटं होतं. पणजीच्या इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशदालनातलं १९३५ चं काम आठवा: चित्र सलग आणि दरज केसाएवढी. (अझुलेजो हा शब्द निळ्यावरून आला असं सर्रास सांगतात. तो अरबी ‘अल-झुलैज’वरून आला, म्हणजे घासून गुळगुळीत केलेला लहान दगड.) इथे तुकडे जोडून चित्र करू नका. पांढऱ्या पॉपलिनवर ७० × ७० सेंमीचं अख्खं चित्र फॅब्रिक कलरने रंगवा. निळा एकच, पण पाण्याऐवजी मीडियम (रंग पातळ करायचं द्रावण) घालून तीन पातळ्यांचा. पाणी जास्त झालं की रेघ फुटते. सुकल्यावर आणि मागून इस्त्री केल्यावर वेब लावा आणि खऱ्या टाइलच्या मापाचे, १४ सेंमीचे २५ चौकोन कापा. ते फिकट करड्या तळावर २ मिमी अंतराने मांडा. तिरक्या रेघा प्रत्येक दरजेला किंचित उडी मारतील. ती दुरुस्त करू नका, खऱ्या भिंतीवरही तसंच असतं. दोन-तीन चौकोन मुद्दाम अर्ध्या मिलिमीटरने वाकडे बसवले तर आणखी चांगलं. आणि देवळांच्या भिंतींवरची कावी डोक्यात असेल तर दरजेचा प्रश्नच नाही: ते चुन्याच्या गिलाव्यावरचं कोरकाम आहे, त्याला वरचं लाल कापड कापून खालचं पांढरं दाखवणंच शोभतं.

काठाला ६ सेंमी रुंद पट्टी दुहेरी दुमडून, तळाच्याच कापडाची. मागे वरच्या कडेला १० सेंमी रुंदीची नळी शिवा, दांडीसाठी. दांडी आणि भिंत यांत २ सेंमीचे लाकडी ठोकळे ठेवा. जून ते सप्टेंबर भिंत ओल ओढते, आणि भिंतीला टेकलेल्या गोधडीच्या अस्तरावर काळे ठिपके येतात. पावसाचा मारा झेलणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीवर तर टांगूच नका. शिवून झाल्यावर कांजी करायचा मोह होईल, करू नका. कसर नेमकी तिच्यावर येते. पावसाळ्यात उतरवून ठेवायची असेल तर घडी घालू नका, गोंदाच्या तुकड्यांवर घडीची रेघ कायमची राहते. जाड नळीवर सुती पंचा गुंडाळा, त्यावर गोधडी उजवी बाजू बाहेर ठेवून गुंडाळा, वरून पुन्हा पंचा. प्लॅस्टिकची पिशवी नको. गणपतीच्या आसपास उन्हाची उघडीप मिळते तेव्हा एकदा उलगडून, सावलीत, वारा लावून पुन्हा गुंडाळा.